मोतीबिंदूच्या त्या दोन प्रश्नांबद्दल

काल रात्री तुझा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलायस आणि लिहिलंयस की मेडिकल कोडिंगच्या (पेशंटचा आजार आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये लिहायचे, त्याच्या) मॉक टेस्टमध्ये मोतीबिंदूचे दोन प्रश्न उगाच चूक धरले, पेशंट तीच, डोळे तेच, आजार तोच, मग एच२५.१३ (दोन्ही डोळ्यांतल्या वयोमानाच्या न्यूक्लिअर मोतीबिंदूचा कोड) एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक कसा, सरांना विचारलं तर "गाइडलाइन आहे, पाठ कर" एवढंच म्हणाले, वर रिटेस्टचे ५०० रुपये घेतले, फी परत द्या. क्लासमध्ये सगळ्यांना अगं-अरे करते तसंच इथेही लिहितेय, राग मानू नकोस.

सकाळी नौपाड्यात क्लास उघडल्या उघडल्या पहिला तुझा पेपर काढला. प्रश्न १४ मध्ये ७१ वर्षांच्या बाई, दोन्ही डोळ्यांत न्यूक्लिअर, म्हणजे लेन्सच्या मधल्या भागातला, मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन. १५ मध्ये त्याच बाई, तीन आठवड्यांनी डावा डोळा. तू दोन्हीकडे एच२५.१३ लिहिलंस, १५ ला आम्हाला एच२५.१२, म्हणजे फक्त डाव्याचा, हवं होतं. मग तुला दिलेली १५ च्या चार्टची झेरॉक्स बघितली आणि मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे, उजव्या डोळ्याचं फेको (मोतीबिंदूचं ऑपरेशन) झालंय आणि लेन्स बसवलीये असं सांगणारी, ती झेरॉक्समध्ये कापली गेलीये, अक्षरांचे नुसते वरचे शेंडे दिसतायत. आणि वर प्रीऑप डायग्नोसिसमध्ये (ऑपरेशनआधीच्या निदानात) आधीच्या नोटमधलं तसंच्या तसं चिकटवलेलं, ओयू, म्हणजे दोन्ही डोळे. १४ वरून तुला कळलं होतं की उजवा झालाय, म्हणून तर सीपीटी ६६९८४ ला, म्हणजे ऑपरेशनच्या कोडला, डाव्याचा एलटी आणि सोबत मॉडिफायर ७९ (कोडला जोडायचा आकडा) लावलास, पहिल्या ऑपरेशननंतरच्या देखभालीच्या ९० दिवसांत, म्हणजे ग्लोबल पिरियडमध्ये, दुसरा डोळा आला म्हणून, अर्ध्या बॅचने तो ७९ सोडलाय. पण डायग्नोसिस मात्र कागदावर दिसलं ते घेतलंस. ही चूक आमची. जी गोष्ट मी रोज फळ्यावर लिहिते, की कागदावर आहे तेवढंच कोड करा, त्या टेस्टचा कागदच आम्ही धड दिला नाही. १५ चा मार्क पूर्ण बॅचला दिलाय.

आता "कसं" ते सांगते, कारण सरांनी ते सांगायला हवं होतं. आपल्याकडे म्हणतात ना डोळ्यावर पडदा आला, मोतीबिंदू पिकला, त्यामुळे डोक्यात बसतं की डोळ्यावर काहीतरी चढलंय आणि ते खरवडून काढतात. तसं नाहीये. आत जी आपली नैसर्गिक लेन्स असते तीच गढूळ होते, तिलाच मोतीबिंदू म्हणतात, आणि फेकोमध्ये तीच लेन्स फोडून बाहेर ओढून घेतात आणि जागेवर कृत्रिम बसवतात. म्हणजे तीन आठवड्यांनी त्या बाई डाव्या डोळ्यासाठी टेबलावर आल्या तेव्हा उजव्या डोळ्यात मोतीबिंदू व्हायला मूळची लेन्सच शिल्लक नव्हती. मग दोन्ही डोळे असं लिहिणार कसं? पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी मात्र आजार दोन्हीकडे होता, म्हणून कापला एकच डोळा तरी कोड दोन्हीचा, एच२५.१३. आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे आजारांच्या कोडच्या, गाइडलाइनमध्ये सेक्शन १ बी १३ ला हेच लिहिलंय आणि उदाहरण म्हणून मोतीबिंदूच घेतलाय. उजव्या डोळ्यातल्या नव्या लेन्ससाठी झेड९६.१ आहे, त्याला डावं-उजवं नसतं.

मी या लाइनमध्ये आले तेव्हा त्याच्या आधीचं आयसीडी-९ होतं, न्यूक्लिअरला ३६६.१६, डोळा कुठलाही असो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ ला नवीन कोड लागू झाले आणि शेवटच्या एका आकड्यावर सगळं आलं, १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही. त्या एका आकड्यासाठी मी ऐरोलीच्या ऑफिसात ऑडिटमध्ये एरर खाल्लेत, म्हणून मला पाठांतर चालत नाही. आणि महिन्यांनी तेच पेशंट "मोतीबिंदू परत आला" म्हणत येतात, तो परत आलेला नसतो, लेन्समागची पिशवी धुरकट होते, त्याचा कोड एच२६.४९ मध्ये आणि लेझरचा ६६८२१. हे पुढच्या आठवड्यात घेणारच आहे.

प्रश्न २२ चा मार्क मात्र मी देणार नाही. तिथे डॉक्टरांनी नुसतं "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू" लिहिलंय, प्रकार कुठेच नाही. तू एच२५.१३ दिलंस आणि रिव्ह्यूत म्हणतेस वय बघून कळतंच ना वयोमानाने झालाय. तुला कळतंय गं, मलाही कळतंय, तू बीएचएमएस आहेस, तुला तर माझ्याहून जास्त कळतं. पण कोडरने निदान करायचं नसतं. न्यूक्लिअर हा शब्द डॉक्टरांनी लिहिलेला नाही, वयोमानाचा आहे असंही लिहिलेलं नाही, मग एच२६.९ वरच, म्हणजे प्रकार न सांगितलेल्या मोतीबिंदूच्या कोडवरच, थांबायचं, आणि कामावर असशील तर डॉक्टरांना क्वेरी टाकायची. आज वयावरून न्यूक्लिअर लिहिलंस तर उद्या कोणाच्या तरी फाइलला नसलेला आजार जोडशील, आणि तो कागद त्या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं फिरेल. डॉक्टरकी शिकून आलेल्या प्रत्येक मुलाला इथे त्रास होतो, हुशारी कमी म्हणून नाही, माहिती जास्त असल्यामुळे.

म्हणजे तुझे ५० पैकी ३३ चे ३४ झाले. ३५ ला पास आहे, त्यामुळे रिटेस्ट द्यावीच लागेल, हे इथे स्पष्ट लिहितेय, नंतर गैरसमज नको. सीपीसीलाही (कोडरच्या सर्टिफिकेट परीक्षेला) ७० टक्केच लागतात, चार तासांत १०० प्रश्न, तिथे अर्ध्या मार्कासाठीही कोणी ऐकून घेत नाही.

रिटेस्टचे ५०० परत करतेय, तुझे आणि त्या टेस्टसाठी ज्यांनी ज्यांनी भरले त्यांचे पण. पूर्ण फी परत देणं जमणार नाही, बॅचचे तीनच आठवडे राहिलेत आणि तू एकही लेक्चर चुकवलेलं नाहीस. सरांशी बोलले, कोणी "का" विचारलं तर "पाठ कर" हे उत्तर आपल्या क्लासमध्ये चालणार नाही असं सांगितलंय, त्यांनाही ते पटलं, तुझ्याशी स्वतः बोलणार आहेत.

शनिवारी ११ ला ये. कळव्याहून येतेस, ऊन व्हायच्या आत निघ. १४, १५ आणि २२ चे तिन्ही चार्ट मी पूर्ण पानांचे नवीन काढून ठेवलेत, तळाची ओळ नीट दिसते का ते स्वतः तपासलंय. आपण दोघी बसून सोडवू, आणि तरीही २२ बद्दल तुझं म्हणणं वेगळं असेल तर पुस्तक उघडून मला दाखव, मी ऐकेन.