एकच कॉमन फाइल पुरेशी नाही का? कुडाळच्या वाचकाच्या हरकतींना उत्तर

नमस्कार,

हापूसच्या पॅकहाउसमधला आवक फॉर्म घेऊन डायनामिक्स 365 (मायक्रोसॉफ्टची व्यवसायाच्या नोंदी ठेवण्याची प्रणाली) च्या स्क्रिप्टची टाइपस्क्रिप्टमधली, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमधली, मांडणी मी मागे दाखवली होती: दर फॉर्मला एक बंडल, त्यातच सामाईक कोड. त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. पन्नास-साठ ओळींसाठी बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधून एक फाइल करणारं साधन) आणि फोल्डर हा नसता व्याप आहे. टाइप ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून त्यांचा दिलासा खोटा. आणि फॉर्मागणिक बंडल केलं की सामाईक कोड दहा जागी चिकटतो, त्यापेक्षा एक कॉमन फाइल बरी.

तिसरी हरकत आधी घेतो, कारण खरा वाद तिथेच आहे.

फॉर्मला जोडलेल्या सगळ्या लायब्ररी (स्क्रिप्टच्या फाइली) युनिफाइड इंटरफेस, म्हणजे डायनामिक्सचा आताचा पडदा, एकदमच मागवतो. यादीत कॉमन फाइल सर्वांत वर ठेवली म्हणून ती आधी चालेल असं नाही. वेब रिसोर्सवर (डायनामिक्समध्ये चढवलेल्या फाइलवर) डिपेंडन्सी नोंदवली तर फाइल येईल याची सोय होते, क्रमाची नाही. ऑनलोडच्या (फॉर्म उघडताना चालणाऱ्या फंक्शनच्या) आतून कॉमनमधल्या फंक्शनला हाक मारत असाल तर सहसा निभावून जातं. पण फाइलच्या वरच्या पातळीवर कॉमनमधला क्लास एक्स्टेंड केला, किंवा तिथला एखादा कॉन्स्टंट उचलला, की गाडी अडते. ऑफिसच्या फायबरवर, कॅश भरलेल्या ब्राउझरमध्ये हे दिसतही नाही. देवगडच्या बागेत एका दांडीच्या नेटवर्कवर कोणी टॅबलेट उघडला की फाइली उलट्या क्रमाने येतात आणि कन्सोलवर 'इज नॉट डिफाइन्ड' उमटतं. पुन्हा उघडला की सगळं ठीक, त्यामुळे तक्रारीचा माग काढणंही अवघड.

सामाईक कोड बंडलमध्येच गेला की हा प्रश्न उरत नाही. मिनिफाय केल्यावर त्याचं वजन सहसा काही केबी असतं, तेही कॅश होतं. खरी किंमत वेगळी आहे आणि ती तुम्ही मांडली नाहीत: सामाईक फंक्शनमध्ये एक ओळ बदलली की सगळी बंडलं पुन्हा बांधून, चढवून पब्लिश करावी लागतात. हे हाताने करायचं असेल तर माझी मांडणी वापरू नका. चढवण्याचं काम स्क्रिप्टवर सोपवलं असेल तरच ती परवडते.

ग्लोबल नावांचा, म्हणजे पानावरच्या सगळ्या स्क्रिप्टना दिसणाऱ्या नावांचा, एक सापळा मात्र इथे आहे. फॉर्म डिझायनरला 'आंबा.आवकफॉर्म.ऑनलोड' असं नाव द्यायचं, तर 'आंबा' ही वस्तू विंडोवर हवी. वेबपॅक या बंडलरमध्ये लायब्ररीचा प्रकार 'व्हार' ठेवून सगळ्या बंडलांना नुसतं 'आंबा' हे एकच नाव दिलंत, तर एका पानावर आलेलं दुसरं बंडल पहिल्याला पुसून टाकतं. रिबनच्या (फॉर्मवरच्या बटणपट्टीच्या) बटणाची स्क्रिप्ट आली की फॉर्मची स्क्रिप्ट गायब! नाव दोन भागांच्या अ‍ॅरेत द्या, म्हणजे वेबपॅक असलेल्या 'आंबा'लाच नवा भाग जोडतो. ईएसबिल्ड या दुसऱ्या बंडलरमध्ये ग्लोबलनेम टिंब देऊन लिहिलं तरी तेच होतं. बंडलर नकोच असेल तर टाइपस्क्रिप्टची नेमस्पेस वापरा, पण मग त्या फाइलच्या वरच्या पातळीवर, म्हणजे नेमस्पेसच्या बाहेर, इम्पोर्ट किंवा एक्स्पोर्ट एकदाही येता कामा नये. एक आला की फाइल मॉड्यूल ठरते आणि कॉमनजेएसचं (ब्राउझरला न कळणाऱ्या मॉड्यूल पद्धतीचं) आउटपुट असेल तर ब्राउझर 'एक्स्पोर्ट्स इज नॉट डिफाइन्ड' म्हणून थांबतो.

आता टाइपचा दिलासा. ते रनटाइमला नसतात, हे बरोबर. पण कुठले टाइप, यावर बरंच अवलंबून आहे. टाइप्स/एक्सआरएम या पॅकेजला प्लॅटफॉर्मचं एपीआय कळतं, तुमचा फॉर्म कळत नाही. कॉलमचं नाव चुकलं तरी बिल्ड हिरवा आणि फॉर्मवर नल (काहीच नाही). एक्सआरएम-डेफिनिटली-टाइप्ड हे जनरेटर प्रत्यक्ष फॉर्म वाचून टाइप काढतं. कोणी डिझायनरमधून 'विकिरण दिनांक' कॉलम उडवला आणि टाइप पुन्हा काढले, तर त्या कॉलमला हात लावणारी प्रत्येक ओळ बिल्डमध्येच लाल होते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किमान 400 ग्रे (विकिरणाच्या मात्रेचं एकक) विकिरण लागतं, म्हणून फॉर्मवरचा विकिरणाचा विभाग देशानुसार उघडतो. असा कॉलम हंगामात गुपचूप नाहीसा होणं परवडत नाही.

दिलासा कुठे संपतो तेही सांगतो. टाइप डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमधून येतात. प्रॉडक्शनवर कोणी परस्पर फॉर्म बदलला असेल तर त्यांना पत्ताच नसतो. तिथे नल तपासणं हाच उपाय. शिवाय एक्सेल इम्पोर्टने किंवा एपीआयने आलेली नोंद फॉर्मच्या वाटेने जातच नाही. 'विकिरणाशिवाय अमेरिका नाही' हा नियम प्लगइनमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये) किंवा टेबल स्कोपच्या बिझनेस रूलमध्येच (कोड न लिहिता मांडलेल्या नियमात) हवा. फॉर्म स्क्रिप्ट फक्त माणसाला वेळेवर टोकते.

याच जनरेटरची एक खोड: चॉइस कॉलमचे (ठरावीक पर्यायांच्या कॉलमचे) आकडे ते 'डिक्लेअर कॉन्स्ट इनम' म्हणून देतं. टीएससी, म्हणजे टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा कंपायलर, ते आकडे कोडमध्ये भरून टाकतो. ईएसबिल्ड किंवा ट्रान्सपाइल-ओन्ली (टाइप न तपासता फक्त रूपांतर करणारा) लोडर एका वेळी एकच फाइल बघतो, त्याला .डी.टीएस या टाइपच्या फाइलीमधले आकडे दिसत नाहीत, आणि ब्राउझरला अस्तित्वात नसलेलं इनम मिळतं. 'आयसोलेटेड मॉड्यूल्स' चालू ठेवा, म्हणजे ही चूक टाइप तपासतानाच पकडली जाते. ईएसबिल्ड टाइप तपासत नाही, त्यामुळे टीएससी नो-एमिट (फक्त तपासणी, आउटपुट नाही) लावून वेगळा चालवावाच लागतो. अनेक जण नेमकं हेच विसरतात आणि मग टाइपस्क्रिप्टला नावं ठेवतात.

पहिल्या हरकतीत तथ्य आहे. एक टेबल, एक फॉर्म, दोन कॉलम लपवणं-दाखवणं एवढंच काम असेल तर स्क्रिप्टही नको, बिझनेस रूल पुरे. पण त्याच आवक टेबलावर बागायतदाराचा एक फॉर्म आणि प्रतवारीचा दुसरा झाला, की मांडणी लागते. फॉर्मची फाइल मी बारीकच ठेवतो: ऑनलोडमध्ये फॉर्म कॉन्टेक्स्ट घ्यायचा, अ‍ॅड-ऑन-चेंजने कॉलम बदलल्यावर चालायच्या फंक्शनच्या जोडण्या करायच्या, संपलं. डिझायनरमध्ये फक्त ऑनलोड नोंदवायचा आणि 'एक्झिक्युशन कॉन्टेक्स्ट पहिला पॅरामीटर म्हणून द्या' हा चौकोन टिक करायचा. बाकी जोडण्या कोडमध्ये असल्या की गिटमध्ये दिसतात. सामाईक फंक्शनला अख्खा फॉर्म न देता लागणारे कॉलम तेवढे द्या. 'पेट्या' आणि 'प्रति पेटी डझन' देऊन एकूण डझन काढणाऱ्या फंक्शनला ते कॉलम कोणत्या फॉर्मवर आहेत याच्याशी देणंघेणं नसतं, आणि ते ब्राउझरशिवाय तपासता येतं. फक्त लक्षात ठेवा, स्क्रिप्टने सेट-व्हॅल्यू केल्यावर ऑनचेंज आपोआप उडत नाही. एकूण डझनवर पुढचं गणित अवलंबून असेल तर फायर-ऑन-चेंज स्वतः बोलवावं लागतं.

तुमची सध्याची कॉमन फाइल एका दमात फोडू नका. आधी ती तशीच टाइपस्क्रिप्टमध्ये आणा, 'स्ट्रिक्ट' (कडक तपासणी) बंद ठेवून. मग फॉर्मला हात घालण्याची जुनी वाट, एक्सआरएम.पेज, शोधा. ते आवृत्ती 9 पासून कालबाह्य ठरवलेलं आहे. प्रत्येक जागी फॉर्म कॉन्टेक्स्ट पॅरामीटर म्हणून आत न्या. त्यानंतर सर्वांत जास्त बदलणारा एकच फॉर्म वेगळा काढून 'स्ट्रिक्ट-नल-चेक्स' (नलची तपासणी सक्तीची करणारा पर्याय) चालू करा. तो पर्याय प्रोजेक्टभर लागू होतो, म्हणून या फॉर्मला स्वतःची टीएसकॉन्फिग (टाइपस्क्रिप्टची सेटिंग फाइल) लागेल. बाकीचे फॉर्म जुन्या फाइलवर चालू राहू द्या. दोन्ही एका पानावर नांदतात, फक्त ग्लोबल नावं वेगळी हवीत.