रस्ता सुरक्षेसाठी रांगोळी नको, मैदानावर चुना टाका

जानेवारी आला की नाशिकच्या शाळांत रस्ता सुरक्षेची लगबग सुरू होते. पोस्टर, रांगोळी, घोषवाक्यं, प्रभातफेरी, शपथ. फोटो निघतात, झालं! आठवी ते दहावीच्या मुलांना सिग्नलचे रंग काय शिकवायचे? चिन्हं पाठ असतात त्यांना. कच्चा असतो तो वेगाचा आणि अंतराचा अंदाज. त्यासाठी शाळेचं मैदान, मोजपट्टी आणि घमेलंभर चुना पुरतो.

ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोर कुणी आडवं आलंय हे कळून ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ११ मीटर गेलेच. कोरडा डांबरी रस्ता आणि धड ब्रेक असतील तर थांबायला आणखी १२. ताशी ६० ला हेच आकडे १७ आणि २८ होतात, एकूण ४५ मीटर. वेग दीडपट, ब्रेकचं अंतर मात्र सव्वादोनपट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. नववीला गतीची समीकरणं आहेतच, विज्ञानाच्या सरांनी तो तास मैदानात घ्यावा. २३ आणि ४५ मीटरवर रेघा मारा आणि मुलांना चालायला लावा. शेजारी ३३ मीटरची तिसरी रेघ: चाळीसच्या वेगात तीन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर गाडी तेवढं अंतर आंधळी जाते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शाळेच्या बसला. बस मैदानात उभी करायची, इंजिन बंद, चावी चालकाकाकांच्या खिशात. एकेकाने त्यांच्या सीटवर बसायचं, बाकीच्यांनी बसभोवती उभं राहायचं, आणि वरच्याने सांगायचं कोण कोण दिसत नाही. बंपरला लागून, डाव्या दाराच्या मागे, बसच्या पाठीमागे असलेली मुलं गायब होतात. मग मुलांना लांब कट्ट्यावर बसवून चालकाला हळू डावं वळण घ्यायला सांगा. बस थांबली की पुढच्या आणि मागच्या चाकाची वाट चुन्याने आखा. मागचं चाक मीटरभर तरी आत कापतं. द्वारका किंवा मुंबई नाक्याला सिग्नलवर सिटीलिंकच्या (शहर बसच्या) डाव्या बाजूने सायकल घुसवणारा पोरगा नेमका त्या पट्ट्यात उभा असतो. बसच्या आरशात चालकाचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. मागेच थांबायचं.

हेल्मेटवर आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जावीत. मुली आधी जाड स्कार्फ गुंडाळतात आणि त्यावर हेल्मेट चढवतात, तिथे ते सैल बसतं आणि कडेचं दिसणंही कमी होतं. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद, आतला थर्माकोल एकदाच दबतो.

आता पालकसभा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. घरातली स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीची असते, म्हणजे ‘लर्निंग काढलंय ना’ हे उत्तर चालत नाही. विनापरवाना चालते ती ई-स्कूटर २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किमीच्या आतलीच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९९ अ सभेत वाचूनच दाखवा: पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. शाळेत गाडी आणायला बंदी असली तर गाड्या शेजारच्या गल्लीत लागतात, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. तपासायची तर ती गल्ली तपासा.

शेवटची दहा मिनिटं अपघातानंतरची. १०८ किंवा ११२ ला फोन, आधी ठिकाण सांगायचं: चौक, कुठल्या दिशेचा रस्ता, जवळची ठळक खूण. जखमीचा श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान हलवायची नाही, पाणी पाजायचं नाही. आणि मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १३४ अ खालच्या नियमांत आहे.