आई, रिमोटचे सेल चार्जरला लावू नकोस

परवा आईने चार्जरचा फोटो पाठवला. त्यात दोन पेन्सिल सेल, एकाच्या बुडाशी पांढरट, बुळबुळीत ओघळ. खाली प्रश्न : "हे पुसून परत लावू का?" कारण सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड : "सेल फेकू नका! रिमोट-घड्याळाचे कोणतेही सेल दोन तास चार्ज करा, नव्यासारखे होतात. चार्जिंगचे सेल पूर्ण संपवूनच लावा. फ्रिजमध्ये ठेवा."

'कोणतेही' हा शब्द लिहिणाऱ्याला धरून आणावंसं वाटतं. रिमोटमधला साधा अल्कलाइन सेल पुन्हा चार्ज करायला बनवलेलाच नसतो. जबरदस्तीने करंट घातला की आत वायू साठतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. म्हणजे कॉस्टिक सोड्याचा सख्खा भाऊ. कातडी भाजते, डोळ्याचं तर बोलायलाच नको. कधी सेल फुटतोही. पुरावा हवा? चष्मा लावा आणि सेलची पाठ वाचा : 'डू नॉट रिचार्ज'. "कंपन्यांना माल खपवायचाय" म्हणणाऱ्या काकांनो, चार्जिंगचे सेलही त्याच कंपन्या विकतात, आणि महाग विकतात. त्यांच्यावर 'रिचार्जेबल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, बहुतेकांवर 1.2 व्होल्टही.

हो, दोन तासांनी रिमोट चालला असेल. थोडा जीव येतो, नाही म्हणत नाही. आजोबा टॉर्चचे सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे, तेव्हाही रात्रीपुरता उजेड पडायचाच. उबेने उरलंसुरलं बाहेर निघतं, नवीन काही भरत नाही.

'पूर्ण संपवून' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियमच्या चार्जिंग सेलच्या काळातला. आजच्या निकेल-मेटल हायड्राइडच्या सेलला तो उलट बाधतो : खेळण्यातल्या दोन सेलपैकी अशक्त आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहतो. अशक्त सेल कायमचा जातो. गाडी मंदावली की काढा, चार्जिंगला लावा, बस.

फ्रिजचं थोडं खरं होतं, जुने चार्जिंगचे सेल ठेवल्या जागी उतरायचे. 2005 साली सान्योने एनेलूप आणले, तेव्हापासून वर्षभर ठेवूनही बराचसा चार्ज टिकवणारे सेल मिळतात. फ्रिजात कोथिंबीर ठेवा.

आणि आई, तो ओघळ उघड्या हाताने पुसू नकोस. हातमोजे घाल, कापसावर थोडं व्हिनेगर घे. त्याआधी सांग, चार्जर प्लगमधून काढलास ना?