आमच्या मोरीची मारबत

पोळ्याच्या संध्याकाळी आमची मोरी तुंबली. बैल ओवाळून झाले होते, पुरणपोळ्या खाऊन पाहुणे आडवे झाले होते आणि खरकट्या भांड्यांचा ढीग कमरेला लागत होता. बायकोनं पहिली कढई विसळली, तर पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं. येताना सोबत परवाचा भात घेऊन आलं.

"अहो, तुमची मोरी ढेकर देऊन राहिली," ती म्हणाली. एरवी घर तिचं असतं. मोरी तुंबली की ती माझी होते.

आई अजूनही चुलीच्या राखेनंच भांडी घासते. राख पाण्यात विरघळत नाही, हे मी तिला घर बांधल्यापासून सांगतोय. त्यात रश्श्याची तर्री. त्यात आमच्या बोअरचं जड पाणी. साबणाला फेस नाही, नुसता पांढरा चोथा. तिन्ही मिळून पाईपात जे तयार होतं, ते मिस्त्रीनं स्लॅबला वापरलं असतं तर स्लॅब गळला नसता. पूर्वी परसात उघडी नाली होती. पाणी सरळ धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्यात जायचं, अडलं तर तुराटीनं कोचायचं. पाईप पुरायची हौस माझी. "40 फुटाले फूटभर उतार द्या जी," असं मिस्त्री म्हणाला होता. "पाण्याले समजते," असं मी म्हणालो होतो.

काटोलच्या प्लंबरला फोन लावला. "उद्या तान्हा पोळा हाय जी, परवा येतो." पोरांच्या लाकडी नंदीबैलांचा सण तो, पण सुटी प्लंबरला. मग मोबाइलवर पाहून खायचा सोडा आणि लिंबू ओतलं. ढेकर येणाऱ्याला आपण तेच देतो. फेस आला, वासही बरा आला, पाणी होतं तिथंच.

सकाळी काकांनी संत्र्याच्या बगिच्यातला फवारणीचा एचटीपी पंप आणला. पंप 30 किलोचं प्रेशर देतो, झाडाच्या शेंड्यावरचं पान उलटं होतं. "फवारणीचं औषध माह्या मोरीत गेलं तं पाय!" आईनं दम भरला. म्हणून पंप, नळी, गन सगळं तीनदा धुतलं. मी मागच्या चेंबरमधून पाईपात गन घातली आणि काकांनी इंजिन सुरू केलं.

चेंबरमध्ये काहीच आलं नाही. आवाज घरातून आला.

मोरीची जाळी छताला लागून परत आली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात पोळ्याच्या तारखेवर भाताचं शीत चिकटलं होतं. आई पाटावर तशीच बसून होती. पदर डोक्यावर होता म्हणून निभावलं.

"काऊन रे, तुले मोरी धुवाची होती का मले?"

शेवटी शेजारणीचा भाचा धावला. त्याचं गाड्या धुवायचं सेंटर आहे. "काका, गन समोर मारते. तुम्ही घाण घरात ढकलून राहिले," असं म्हणून त्यानं सुपारीएवढं पितळी नोझल दाखवलं. समोर एक भोक, मागच्या अंगाला चार, तिरपी. मागच्या धारांच्या रेट्यानं नळी पुढं सरकते आणि त्याच धारा सुटलेली घाण चेंबरकडं ओढून आणतात. मागे चिखल उडवत पुढं जायची ही रीत मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पाहिली होती. पाईपातही चालते हे माहीत नव्हतं.

मशीन सुरू झालं आणि नळी आपोआप आत निघाली. दहा-बारा फुटांवर अडली. भाच्यानं ती हातभर मागं ओढली, पुन्हा सोडली. मागं ओढली, पुन्हा सोडली. रस्त्यावरून मारबत, म्हणजे रोगराई सोबत नेणारा पुतळा, गावाबाहेर काढणाऱ्या पोरांची आरोळी येत होती, "माश्या, मोंगसे, खोकला, खासी घेऊन जा गे मारबत!" त्याच वेळी पाईपात गुडगुडलं आणि चेंबरमध्ये राखेची काळीभोर ढेप येऊन पडली. तिच्यात एक लाल लाकडी चाक रुतलेलं.

गेल्या तान्ह्या पोळ्याला आमच्या पोराच्या नंदीचं एक चाक गेलं होतं. ते शेजारणीच्या पोरानं नेलं असा बायकोचा ठाम निकाल होता, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

आमच्या पोरानं चाक उचललं, चड्डीला पुसलं. "बाबा, हे तं मीच टाकलं होतं. पोहते का पाहाले."

भाचा नळी गुंडाळत होता. त्यानं काही ऐकलं नाही, असं निदान दाखवलं तरी. बायको आत गेली, पाच पुरणपोळ्या ताटात ठेवल्या, वर तुपाची वाटी ठेवून ताट झाकलं आणि माझ्या हातात दिलं.

"शेजारी नेऊन द्या. मोरी तुमची होती ना?"