शेवटचा एन

आजच दुपारची गोष्ट, डोकं अजून तापलेलंच आहे. क्लायंटच्या ड्रॉइंगवर सहा इंची अमाइनची (गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड शोषून घेणारं रसायन) लाइन, पायपिंग क्लास, म्हणजे पाइपलाइनचं रेटिंग-मटेरियल सांगणारा कंपनीचा कोड, 'बी३एन', आणि व्हॉल्व्हचं कोटेशन द्यायचंय. बी म्हणजे क्लास ३०० (दाबाचं रेटिंग), ३ म्हणजे कार्बन स्टील, हे पीएमएसमध्ये, म्हणजे त्यांच्या पायपिंग मटेरियल स्पेसिफिकेशनमध्ये छापलंय. एन? परिशिष्ट पाहा. परिशिष्टात काय, तर 'होल्ड', म्हणजे अजून ठरायचंय.

लावला फोन. त्यांच्याकडचे ज्येष्ठ साहेब आले लाइनवर.

"सर, एन म्हणजे काय?"

"सर्व्हिस कुठली?"

"अमाइन."

"हां, मग तोच एन."

"तोच म्हणजे?"

"अहो, अमाइनला जो लागतो तो!"

मी म्हटलं, नेसचा, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडने स्टील तडकू नये म्हणून असलेल्या स्टँडर्डचा एन का? म्हणजे हार्डनेस २२ एचआरसीच्या आत ठेवायचा? तर म्हणे नेस त्यात आलंच, पण एन त्याचा नाही. मग नाइट्रोजनचा? "छे छे, नाइट्रोजनला यू." यू म्हणजे युटिलिटी असेल ना सर? "नाही हो, युटिलिटीला जे. यू असाच पडलाय." हे सगळं इतक्या प्रेमाने की चिडताही येईना. मग म्हणाले, तुम्ही आमच्याकडे नवीन दिसता. मी तुमच्याकडे नाहीच सर, मी व्हेंडर. "मग बरोबर! आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. ज्यांनी हे कोड बसवले ते रिटायर झाले, त्यांना तोंडपाठ होतं सगळं."

"लिहून नाही ठेवलं?"

"लिहायचं कशाला, ते होते ना!"

आता स्टँडर्डवाले तरी फार शहाणे आहेत अशातला भाग नाही. क्लास १५० चा साधा कार्बन स्टील फ्लँज (पाइप बोल्टने जोडायची कडी) थंड असताना २८५ पीएसआय घेतो आणि दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, पण ते निदान छापलेलं असतं आणि सगळ्यांना सारखंच गंडवतं. कंपन्यांचं तसं नाही. क्लास ४०० सहसा कुणी वापरत नाही, तरी एखादी कंपनी त्याच्यासाठी सी राखून ठेवते आणि ६०० ला डी देते, शेजारच्या कंपनीत सी म्हणजेच ६००. बसा जुळवत.

रेटिंग चुकलं तर निदान कळतं, सहा इंचीला १५० मध्ये आठ बोल्ट आणि ३०० मध्ये बारा, फ्लँज बसतच नाही. मटेरियल चुकलं तर बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत मेंटेनन्सच्या वेळी अलॉय स्टीलच्या जागी तसाच दिसणारा कार्बन स्टीलचा एल्बो (पाइपचं वळण) बसला, गरम हायड्रोजनने तो पोखरला आणि जुलै २००५ मध्ये आग लागली. आणि इथे 'तोच एन'! असलं काही झालं की मग सगळे व्हेंडरचं सर्टिफिकेट शोधत येणार, साहेबांचा फोन कोण रेकॉर्ड करतंय.

संध्याकाळी त्यांचा मेल आला: 'चर्चेप्रमाणे एन पीएमएसनुसार घ्यावा.' मीही कोटेशनच्या डेव्हिएशन लिस्टमध्ये, म्हणजे त्यांच्या मागणीतलं जे आम्ही मान्य करत नाही त्या यादीत, टाकलंय, 'एन वगळून'. आता करू दे त्यांना फोन.