प्रतिक्रियेला उत्तर : दातावरची खाच, डाग आणि कीटण

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : उत्खननात सापडलेल्या जुन्या सांगाड्याच्या दातावरची खाच पाहून बालपणीच्या उपासमारीबद्दल बोलणं म्हणजे तर्कटपणा, मातीत मुरलेल्या दातावर कीड कुठली आणि डाग कुठला हे कळणं अशक्य, आणि किमान तपासण्याआधी दात घासून लख्ख तरी करायला हवेत.

खाच कारण सांगत नाही, हे अगदी मान्य. तीव्र ताप, जुलाब, कुपोषण, कशानेही दंतवल्क (दातावरचं कठीण बाहेरचं आवरण, म्हणजे इनॅमल) घडवणाऱ्या पेशी मंदावतात आणि आडवी खोलगट रेघ उमटते. पण ती वेळ सांगते. हाड आयुष्यभर नव्याने घडत राहतं, दंतवल्क मात्र एकदा तयार झालं की शरीराला ते बदलता येत नाही. कायमच्या सुळ्याचं दंतवल्क साधारण पहिल्या वर्षात घडू लागतं आणि सहाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण होतं, म्हणून खाचेच्या उंचीवरून वय काढता येतं. इथे चूक होते ती सरळ त्रैराशिक मांडल्यामुळे. दंतवल्क टोकाकडे भरभर आणि मुळाकडे हळू वाढतं, शिवाय सुरुवातीचे थर आतच दडलेले असतात. आणखी एक पथ्य : त्याच काळात घडलेल्या दुसऱ्या दातावरही खाच हवी. एकाच दातावर असेल तर ती स्थानिक इजा असू शकते.

याहून मोठी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलेलीच नाही. खाच उमटते ती संकटातून वाचलेल्या मुलाच्या दातावर. आठवड्याभरात दगावलेल्या मुलाचे दात गुळगुळीतच राहतात. त्यामुळे ‘जास्त खाचा म्हणजे जास्त आजारी समाज’ हे समीकरण टिकत नाही. मानवशास्त्रज्ञ जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हा पेच नेमका मांडला. म्हणून नुसत्या खाचा मोजून भागत नाही, खाचा असलेली माणसं पुढे कोणत्या वयात मेली हे ताडून पाहावं लागतं.

किडीची नोंद नुसत्या रंगावरून करत नाहीत. पोकळी लागते, कडा आणि तळ भिंगाखाली तपासावे लागतात. खरी गफलत होते मोजणीत. पुढचे एकमुळी दात मृत्यूनंतर सहज गळून हरवतात, आणि त्यांना कीड कमी लागते. उरतात दाढा, आणि किडीचं प्रमाण फुगतं. उलट, जिवंतपणीच किडून पडलेले दात मोजणीत येत नाहीत, तेव्हा ते घटतं. दोन्ही ओळखायला जबड्यातली खोबण पाहायची : हाडाने भरत आलेली असेल तर दात जिवंतपणी गेला, धारदार कडांची आणि रिकामी असेल तर मृत्यूनंतर.

आणि घासणं? कृपया नको. तुम्ही ज्याला घाण समजता त्यात कीटण असतं, म्हणजे जिवंतपणीच दगडासारखा घट्ट झालेला थर. जर्मनीतल्या डालहाइमच्या मध्ययुगीन दातांवरच्या अशाच कीटणातून हिरड्यांच्या आजाराशी निगडित जिवाणूचा जनुकीय आराखडा जुळवता आला. ते संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. कडक ब्रशने हे सगळं निघून जातं. सैल माती मऊ ब्रशने हलकेच काढावी, दात पाण्यात भिजत ठेवू नये आणि उन्हात तर मुळीच वाळवू नये, कारण दंतवल्काखालचा थर, म्हणजे दंतिन, आकसून दंतवल्क तडकतं. हातमोजे पावडर नसलेलेच वापरावेत : त्या पावडरीत बहुधा मक्याचं पिष्ट (स्टार्च) असतं, आणि मग कीटणात सापडलेला पिष्टकण त्या माणसाच्या जेवणातला की हातमोज्यातला, हा वाद मिटवणं फार अवघड जातं.