जे बोलत नाहीत, त्यांना काढू नका

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिनने यादी टाकली. 19 नावं. वर लिहिलेलं, 'हे लोक वर्षभरात एक शब्द बोललेले नाहीत. रविवारपर्यंत हजेरी लावा, नाहीतर काढून टाकणार.' खाली धडाधड अंगठे. दोघातिघांनी टाळ्यासुद्धा.

माझं डोकं सणकलं. तेव्हापासून कामात लक्ष नाही, म्हणून इथे लिहितोय.

काढून टाकणार म्हणजे काय? आम्ही 1994 ला बी.एस्सी. झालो, केमिस्ट्रीची बॅच, 61 जण. तेव्हा मोबाइल कुठले? निरोपाच्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर पत्ते लिहून घेतले आणि पाच-सहा वर्षांत बदल्या, लग्नं, घरं बदलणं यात निम्मे पत्ते फुकट गेले. पुढे कुणीतरी याहूवर ग्रुप काढला. मग ऑर्कुट आलं, तिथे हरवलेले दहा-बारा जण सापडले, तर 2014 च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुटच बंद झालं. दर वेळी बिऱ्हाड हलवताना चार माणसं मागे राहिली. आडनावं बदललेल्या मुलींना शोधण्यात तर वर्षं गेली. असे एकेक करून 52 जण गोळा झालेत, आणि आता एका रविवारी त्यातले 19 बाहेर?

बोलत नाही म्हणजे माणूस नसतोच का? मी रागाने ग्रुपवर एकच ओळ टाकली, 'हे बरोबर नाही.' तासाभराने तो मेसेज दाबून धरला आणि कुणी कुणी वाचलाय ते पाहिलं. त्या 19 पैकी 14 जणांनी वाचला होता. म्हणजे आपलं नाव असलेली ती यादीही त्यांनी वाचलीच असणार. आणि तरीही गप्प.

मला त्यांचं कळतं, कारण 2017 पासून दोन वर्षं मीही असाच गप्प होतो.

धंदा बसला होता. फोन वाजला की देणेकरीच असणार, हे ठरलेलं. ग्रुपवर कुणाचं प्रमोशन, कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाचे विमानतळावरचे फोटो. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, आनंद आपल्या माणसांना नाही सांगायचा तर कुणाला? पण 'सध्या काय करतोस?' याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून तोंड बंद. रात्री घरचे झोपले की मात्र दिवसभराचा ग्रुप पहिल्या मेसेजपासून वाचून काढायचो. तेवढा अर्धा तास मी कुणाचं काही देणं लागत नसायचो.

प्रॅक्टिकलची माझी पार्टनर होती. आमचे रोल नंबर लागोपाठ, त्यामुळे तीन वर्षं टायट्रेशनला दोघांत एकच ब्युरेट, थेंब थेंब द्रावण सोडायची काचेची नळी. शेवटचे थेंब मी सोडायचो आणि तो फिका गुलाबी रंग टिकतोय का, ते ती डोळ्यांत तेल घालून बघायची. त्या दोन वर्षांत तिने दोनदा फोन केला, मी उचलला नाही. मग एका रात्री ग्रुपवर नाही, फक्त मला तिने एक फोटो पाठवला. जर्नलचं पिवळं पडलेलं पान. टायट्रेशनचा तक्ता, 9.8, 9.8, 9.7. पहिली दोन रीडिंग तिच्या अक्षरात, तिसरं माझ्या. कोपऱ्यात अ‍ॅसिड सांडून पडलेलं भोक. खाली लिहिलेलं, 'हे तुझं अक्षर. अजून आहे माझ्याकडे. उत्तर देऊ नकोस.'

नाही दिलं उत्तर. आठ महिन्यांनी दिलं. ते पान मात्र मी किती वेळा उघडून पाहिलं असेल, सांगता येणार नाही.

त्या काळात कुणी मला काढलं असतं तर? रात्री ग्रुप उघडावा आणि 'अमुकने तुम्हाला काढलं' एवढंच दिसावं. जिच्याकडे माझं अक्षर आहे, तीही त्याच ग्रुपवर. मी परत आलो नसतो. खरंच सांगतो, आलो नसतो.

ठीक आहे, दोन नंबर आता भलत्याच कुणाकडे गेलेत, ते काढा, त्याला माझी ना नाही. पण बाकीच्यांचं काय? जागा अडते म्हणावं तर एका ग्रुपमध्ये आता 1024 माणसं मावतात, आणि आपण 52! रोज पहाटे गुलाबाची फुलं पाठवणारा तो हजर, आणि रात्री जागून आपला शब्द न् शब्द वाचणारा गैरहजर, हा कुठला न्याय?

आमचा अ‍ॅडमिन माणूस वाईट नाही. यातले निम्मे लोक त्यानेच फोन करकरून, ओळखीच्या ओळखी काढून शोधलेत. म्हणूनच जास्त लागलं. अरे, तूच आणलंस ना त्यांना? मग राहू देत की कोपऱ्यात बसून.

त्या यादीत सातवं नाव ज्याचं आहे, त्याने सेकंड इयरला माझ्या हातून फुटलेली पिपेट ब्रेकेजच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावावर लिहून घेतली होती. माझ्याकडे तेव्हा भरायला पैसे नव्हते, हे त्याला न सांगता कळलं होतं. आत्ता, हे लिहिता लिहिता, त्याला मेसेज केला. 'ती पिपेट मी फोडली होती. लक्षात आहे माझ्या. उत्तर देऊ नकोस.'

दोन्ही टिका निळ्या झाल्यात.